आमचं देवक कळंब

माझी शाळा भाईंदर पूर्वेला, इंद्रलोकच्या बाजूला आहे. दहावीचे वर्ग वरच्या मजल्यावर, आणि खिडकीतून दिसतं ते शेजारच्या सोसायटीतलं बदामाचं झाड. दरवर्षी पावसाळ्यात मी त्या खिडकीशी उभी राहून उत्क्रांती शिकवते. धडा सुरू झाला की पहिल्या पाच मिनिटांत कुणीतरी पुढच्या बाकावरच्या मुलाकडे बोट दाखवून म्हणतंच, "टीचर, हा अजून माकडच आहे." वर्ग हसतो. मी हसत नाही. मी चिडकी आहे हे सगळ्या शाळेला माहीत आहे, आणि या धड्याला तर माझं डोकं जरा लवकरच तापतं.

त्याचं कारण असं की हा धडा मला फार आवडतो. वर्ग शांत झाला की मी मुलांना दोन बोटं मनगटावर ठेवायला सांगते. नाडी लागली की सांगते, आत्ता तुमच्या आत साखर हळूहळू जळतेय, त्या आचेवर हे ठोके चाललेत. आता बाहेर बघा. त्या बदामाच्या पानातही साखर अशीच जळतेय, त्याच पायऱ्यांनी, त्याच क्रमानं. ही रीत तुम्ही शोधली नाही आणि झाडानंही शोधली नाही. ती तुम्हा दोघांना एकाच पूर्वजाकडून मिळाली आहे. इतकं बोलून झालं की मुलं मनगटावरची बोटं न काढता बदामाकडे बघतात. इतकी वर्षं शिकवतेय, पण त्या क्षणी माझ्या अंगावर अजून काटा येतो.

तक्रारीही दरवर्षी येतात. आमच्या वर्गात सगळ्या धर्मांची, सगळ्या प्रांतांची पोरं. कुणाच्या घरी देवानं माणूस मातीतून घडवलेला असतो, कुणाच्या घरी सृष्टी कुणी घडवलेलीच नसते, ती आहेच. कुठल्या ना कुठल्या घरातून वहीवर चिठ्ठी येते, किंवा पालकसभेत कुणीतरी घसा खाकरतं. मी उत्तर देते, ते मान हलवतात, परीक्षेत मुलं अवशेषांगांची उदाहरणं लिहून मार्क घेतात आणि विषय मिटतो. त्या वर्षी मात्र तो मिटला नाही.

त्या वर्षी माझ्या वर्गात एक मुलगी होती. हाटकेशला राहायची. घरची माणसं मूळ साताऱ्याकडची, मग परळ, आणि परळची खोली विकून इकडे आलेली. पोरगी अबोल, पण एकदा प्रश्न पडला की तो सोडायची नाही. शनिवारी शाळा सुटल्यावर मी प्रयोगशाळा तासभर उघडी ठेवते, तिथे ती न चुकता यायची. कांद्याचा पापुद्रा असा अलगद सोलायची की काचपट्टीवर एक सुरकुती पडत नसे. तिला पुढे जीवशास्त्र शिकायचं होतं. हे तिनं मला अगदी हळू आवाजात सांगितलं होतं, कारण घरी तो निर्णय तिच्या आजोबांचा होता.

दसरा झाला आणि तिच्या काकाचा साखरपुडा होता. झालं ते मला नंतर तिच्याच तोंडून कळलं. हॉलमध्ये दोन्हीकडची मंडळी बसलेली. मुलीकडच्या म्हाताऱ्या आजीबाईंनी रीतीप्रमाणे विचारलं, "तुमचं देवक काय?" ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. लग्नाआधी घरात देवक बसवतात. प्रत्येक कुळाचं ते ठरलेलं असतं, बहुधा एखादं झाड, कुठे मोराचं पीस, कुठे शंख. ते कुळाचं मूळ मानतात, त्याला इजा करत नाहीत, आणि ज्या दोन घरांचं देवक एक, ती भावकी. त्यांच्यात सोयरीक होत नाही. आजोबांनी ऐटीत सांगितलं, "आमचं देवक कळंब." कळंब म्हणजे कदंब. तिकडून उत्तर आलं, "आमची पंचपालवी," म्हणजे पाच झाडांची पालवी. सगळे खूश. तेवढ्यात ही पोरगी, जी एरवी पाहुण्यांत तोंड उघडत नाही, ती म्हणाली, "पण सगळ्या झाडांचा आणि आपला पूर्वज एकच आहे ना. म्हणजे देवक सगळ्यांचं एकच झालं. मग काका आणि काकू भाऊबहीण झाले."

तिनं हे थट्टेनं म्हटलेलं नव्हतं. तिला खरंच प्रश्न पडला होता. देवकाचा नियम तिनं मनापासून मानलेला होता आणि माझा धडाही. दोन्ही एकत्र धरले की हेच उत्तर येत होतं. अशी चूक करायला पोरगी देवक पाळणाऱ्या घरातलीच हवी आणि विज्ञानाच्या तासाला जागीही हवी.

मागच्या खुर्च्यांवरचे तरुण हसले. मुलीकडच्या आजीबाई मात्र हसल्या नाहीत. "तुमच्या घरातच शंका निघतेय, तर जरा थांबूया," असं म्हणून त्यांनी हातातली ओटी खाली ठेवली. साखरपुडा कसाबसा उरकला, पण आठवडाभर तिकडून फोन नाही, पत्रिकेचा मजकूर नाही. मग दोन्हीकडच्या गावच्या वडीलधाऱ्यांनी यांचं कळंबच आणि त्यांची पंचपालवीच म्हणून छातीठोक सांगितलं, तेव्हा कुठे गाडं पुढे सरकलं. लग्न वाचलं, पण आजोबांचं नाक कापलं गेलं होतं. त्यांनी घरात जाहीर केलं की शनिवारची प्रयोगशाळा बंद, आणि अकरावीला कॉमर्स.

मग ते शाळेत आले. मुख्याध्यापिकांच्या केबिनमध्ये मला बोलावलं तेव्हा ते खुर्चीच्या कडेवर ताठ बसलेले होते. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, पांढरा सदरा, कपाळाला अष्टगंध. त्यांच्या सोसायटीतल्या देवळात ते दर एकादशीला प्रवचन करतात हे मला पोरीकडून माहीत होतं. नात त्यांच्या मागे भिंतीला टेकून उभी होती.

"बाई, तुम्ही पोरांना काय शिकवताय ते तुमचं तुम्हाला माहीत," ते म्हणाले. "पण माझ्या घरातल्या लग्नात त्याची पंचाईत व्हायला नको होती. माणूस जनावरापासून झाला, हे तिच्या डोक्यातून काढा. तुम्ही स्वतः तिला सांगा की हा नुसता एक अंदाज आहे. मग पुढचं बघू."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर ती सायन्सला जाणार नाही. जे शिकून पोरगी चारचौघांत आपल्याच कुळाला तोंडावर पाडते, ते शिकण्यात काय आहे?"

मी पोरीकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती. मी काहीतरी तिखट बोलणार होते, पण मुख्याध्यापिका मध्ये पडल्या. त्या मनानं वाईट नाहीत, फक्त त्यांना शाळेत कुणाचा आवाज चढलेला सहन होत नाही. "अहो मॅडम, थोडं अ‍ॅडजस्ट करून घ्या ना," त्या मला म्हणाल्या. "दुसऱ्या बोर्डानं तर दहावीतून हा भाग काढूनच टाकलाय. आपण कशाला एवढं ताणायचं? आणि आजोबा, खरं सांगू का, हे सगळं आपल्याकडे आधीपासून आहेच. दशावतार बघा. आधी मासा, मग कासव, मग वराह. तेच तर आहे. मॅडम तसंच शिकवतील, म्हणजे कुणाला त्रास नाही."

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता ते ऐकलं की माझे दात एकमेकांवर बसतात. धर्म म्हणून कुणी माझा धडा खोटा म्हटला तर मला राग येतो, पण निदान त्यानं धडा ऐकलेला असतो. "आमच्याकडे होतंच" म्हणणाऱ्यानं धडाही ऐकलेला नसतो आणि पोथीही वाचलेली नसते. मी तोंड उघडणार, तोच आजोबा उसळले.

"तसलं काही शिकवायचं नाही," ते म्हणाले. "अवतार म्हणजे काय चेष्टा आहे? देव मासा झाला. मासा काही देव झाला नाही. ते तुमच्या पुस्तकातलं जे काय आहे, त्याचा आणि याचा काही संबंध नाही. उगाच दोन्ही कालवून ठेवू नका."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. केबिनमध्ये मला पटेल असं बोलणारं एकच माणूस होतं आणि ते माझ्याविरुद्ध तक्रार घेऊन आलं होतं. माझा राग कुठल्या कुठे गेला. मी म्हटलं, "आजोबा, हे मी इतकी वर्षं सांगतेय, कुणी ऐकत नाही. तुम्ही शनिवारी या. मी काय शिकवते ते एकदा स्वतः ऐका. पटलं नाही तर जे ठरवलंय ते करा. पण तिला मी खोटं सांगणार नाही."

उठता उठता त्यांनी विचारलं, "शनिवारी किती वाजता?"

"दुपारी, शाळा सुटली की. आणि येताना कळंबाचं एक पान घेऊन या."

शनिवारी ते आले, मागे नात. प्रयोगशाळेत आम्ही तिघंच होतो. त्यांनी खिशातून रुमाल काढला, टेबलावर उलगडला, आत पान. मोठं, शिरा उठून दिसणारं, देठाजवळ जरा पिवळं पडलेलं. मी म्हटलं, ताजं आणायचं होतं, सोलायला बरं पडतं. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "आम्ही कळंबाचं पान तोडत नाही. काशीगावच्या देवळाशी झाड आहे. सकाळी जाऊन त्याच्याखाली उभा राहिलो. जे आज पडलं ते आणलं."

आम्ही रोज झाडांची पानं बचकभर तोडून वर्गात आणतो. हा माणूस एका पानासाठी झाडाखाली वाट बघत उभा राहिला होता. मला एकदम आवाज खाली करावासा वाटला. नातीला म्हटलं, तूच कर, तुझा हात हलका आहे.

तिनं आधी आजोबांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. मग तिनं पान तिरकं फाडून खालचा पापुद्रा काढला, जुन्या पानाचा असूनही अखंड निघाला, आणि तो काचपट्टीवर ठेवून आयोडीनचा थेंब सोडला. दुसऱ्या काचपट्टीसाठी तिनं आजोबांना टूथपिक दिली आणि गालाच्या आतून हलकेच फिरवायला सांगितलं. त्यांनी जरा संकोचानं ते केलं. तिनं निळ्या रंगाचा थेंब टाकला, वर पातळ काच ठेवली, जादा रंग टिपकागदानं ओढून घेतला. हे सगळं करताना ती एकदाही घाबरली नाही. आजोबा पानाकडे बघत नव्हते, तिच्या बोटांकडे बघत होते.

आधी तिनं गालाची काचपट्टी लावली. आजोबांनी चष्मा काढला, वाकले, एक डोळा मिटला. खूप वेळ काही दिसेना. ती त्यांच्या कानाशी सांगत होती, "आजोबा, पापणी हलवू नका. आता बघा. फिकट निळे तुकडे दिसतायत ना? त्या प्रत्येकाच्या मध्ये गडद ठिपका आहे."

"दिसला," ते म्हणाले. "हे मी आहे?"

"हो. तुमच्या गालाच्या पेशी. तो ठिपका म्हणजे केंद्रक. तुम्ही कसे व्हायचे ते सगळं त्यात लिहिलेलं आहे."

मग तिनं कळंब लावला. तिथे पेशी एकमेकींना चिकटलेल्या, फरशीसारख्या नीट बसवलेल्या, मध्येमध्ये पानाची श्वास घ्यायची बारीक तोंडं. आणि पुष्कळशा पेशींत, जरा शोधल्यावर, तसाच एक ठिपका. आजोबा सूक्ष्मदर्शकावरून उठेनात. खाली रस्त्यावर रिक्षांचे हॉर्न चालू होते, कुणीतरी भंगारवाला ओरडत होता, आणि हा म्हातारा माणूस आपल्या कुळाच्या झाडाच्या आत बघत वाकून उभा होता.

"दोघांतही ठिपका आहे म्हणून नातं सिद्ध होत नाही," मी म्हटलं. मला कुणाला भुलवायचं नव्हतं. "माझं म्हणणं पुढचं आहे. त्या ठिपक्यात जे लिहिलंय ते आता लोकांना वाचता येतं. तुमच्यातलं आणि कळंबातलं लिखाण एकाच लिपीतलं आहे. तीच अक्षरं, आणि अक्षरांचा अर्थही तोच. शेजारच्या बदामात तेच, झुरळात तेच. फक्त कळंब तुमचा आणि बाकीचे परके, असं त्यात नाही. देवक म्हणजे विज्ञान नाही, आजोबा. पण कळंब तुमचा नातलग आहे का, असं विचाराल तर मी हो म्हणेन. फार लांबचा. कोट्यवधी वर्षांपूर्वीचा."

ते स्टुलावर बसले. चष्मा रुमालानं पुसत राहिले. मग म्हणाले, "लिपी एक असली म्हणून काय झालं? मराठी आणि हिंदी एका लिपीत लिहितात. म्हणून मजकूर एकमेकांवरून घेतला असं होत नाही. उतरवलं आहे, हे कशावरून?"

इतक्या वर्षांत एकाही पालकानं मला इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता. मी उत्तर जुळवत होते, तोवर ते स्वतःशीच बोलल्यासारखे पुढे म्हणाले, "आमच्या घरी हातानं लिहिलेली पोथी आहे. माझ्या पणजोबांच्या हातची. त्यात एके ठिकाणी एक ओवी चुकून दोनदा उतरवली गेलीय. गावाला चुलत घराण्याकडेही पोथी आहे. त्यातही तीच ओवी दोनदा. ते म्हणतात त्यांची पोथी स्वतंत्र आणली. मी म्हणतो शक्य नाही. बरोबर लिहिलेलं दोघांचं सारखं असेलच, त्यात नवल नाही. चूक सारखी आहे, म्हणजे एकावरून दुसरी उतरवली, नाहीतर दोन्ही तिसऱ्या एकीवरून."

मी खुर्चीवर बसून घेतलं. जो पुरावा मी वर्गात अर्धा तास फळ्यावर आकृत्या काढून समजावते, तो या माणसानं घरच्या पोथीवरून आपला आपण मांडला होता, आणि आपण काय मांडलं हे त्याला अजून कळलं नव्हतं.

"आजोबा," मी म्हटलं, "हेच. अगदी हेच करतात. सारख्या चुका शोधतात."

"सापडल्या?"

"पुष्कळ. एक सांगते. कुत्रा, मांजर, गाय यांना आवळा, लिंबू खावं लागत नाही. क जीवनसत्त्व त्यांचं शरीर स्वतःच बनवतं. ते कसं बनवायचं, ते त्यांच्यात लिहिलेलं आहे. आपल्यातही ती ओवी आहे. पण मोडलेली. मधली अक्षरं गेलीत, तिचा काही उपयोग होत नाही, तरी पिढ्यान्‌पिढ्या आपण ती तशीच उतरवतोय. म्हणून आपल्याला आवळा लागतो."

"आणि ती चूक आणखी कुणात आहे?"

मी थांबले. नात माझ्याकडे बघत होती. तिला उत्तर माहीत होतं. इथे गुळमुळीत बोलले असते तर निभावलं असतं, पोरीचं सायन्सही कदाचित पदरात पडलं असतं. आजोबा कळंबापर्यंत आले होते, त्यांना तिथेच थांबवता आलं असतं. पण प्रश्न त्यांनी सरळ विचारला होता.

"माकडात," मी म्हटलं. "तशीच मोडलेली."

आजोबांनी पान पुन्हा रुमालात ठेवलं, फाटलेला तुकडाही उचलून त्यात ठेवला, आणि घडी घातली.

"झाड चालेल," ते शेवटी म्हणाले. "झाड आम्ही मानतोच. माकड मला चालणार नाही, बाई."

"आणि मी?" नातीनं विचारलं. "माझं अकरावीचं?"

"लग्न होऊ दे," ते म्हणाले आणि जिना उतरून गेले.

मला रात्री जेवण गेलं नाही. मी खरं बोलले होते आणि त्याची किंमत बहुधा ती पोरगी मोजणार होती. नवरा म्हणाला, एवढं माकड काढायलाच हवं होतं का? मी त्याच्यावर खेकसले. मग बराच वेळ गॅलरीत उभी राहिले.

तुळशीची लग्नं झाल्यावर त्यांच्या घरचं आमंत्रण आलं. लग्नाचं असेल असं वाटलं होतं, पण पोरीनं निरोप आणला तो आदल्या दिवशीचा. "आजोबांनी देवकाला बोलावलंय. सकाळीच या म्हणाले." देवकाला घरची माणसं असतात, शाळेतल्या बाईंना कुणी बोलवत नाही. मी साडी नेसून काशीगावला गेले.

देऊळ मारुतीचं. रीत अशी की देवक वाजतगाजत मारुतीच्या देवळातून आणायचं. हायवेचा आवाज मागे, पुढे सनई आणि संबळ, घरच्या बायका हिरव्या चुड्यांत, आणि देवळाच्या अंगाला तो कळंब. मी तो पहिल्यांदाच पाहत होते. खोड सरळ वर गेलेलं, आणि फांद्या आडव्या, मजल्यामजल्यांनी पसरलेल्या. त्याच्या एका बाजूला कुणीतरी दुचाकी लावलेली होती. आजोबा आणि आजी झाडासमोर उभे राहिले. आजोबांनी हळदकुंकू वाहिलं, सुपारी ठेवली, आणि झाडाला हात लावून काहीतरी पुटपुटले. एवढ्या जवळून मला ऐकू आलं. "घरात कार्य आहे, एक फांदी नेतो," असं ते घरच्या थोरल्या माणसाची परवानगी मागावी तसं म्हणत होते. मग एकच लहान फांदी त्यांनी तोडली.

मी ज्याला वर्गात कोट्यवधी वर्षांचं नातं म्हणते, ते नातं इथे एक म्हातारा माणूस दुचाकीच्या हँडलवरून हात पुढे करून निभावत होता. त्यांचं कारण वेगळं, माझं वेगळं. ते दोन्ही एक आहेत असं मी कधी म्हणणार नाही. पण त्या झाडाखाली उभी असताना मला वाटलं की मी जे शिकवते ते मी स्वतः इतकं खरं धरून कधी वागलेले नाही. खांद्यावर कळंबाचं एक पिवळं पान पडलं, ते मी झटकलं नाही.

फांदी घेऊन सगळे देवळात गेले. फांदी मारुतीपुढे ठेवायची, नमस्कार करायचा आणि उचलून घरी न्यायची, एवढंच काम. पण आजोबा नमस्कार करून उठले आणि तिथेच उभे राहिले. शेंदराची मूर्ती, चांदीचे डोळे, रुईची माळ. सनईवाला एक चाल संपवून थांबला. आजीनं हळूच म्हटलं, "अहो, चला ना, वेळ होतोय." ते हलले नाहीत. मी खांबाशी होते, नात माझ्या शेजारी.

"बाई," ते मागे न बघता म्हणाले. "लहानपणापासून दर शनिवारी याच्यापुढे उभा राहतोय, गावाला, परळला, इथे. आलो की मान खाली. आजवर मी याचे पायच बघत आलो."

मी खांब सोडून एक पाऊल पुढे झाले.

"आज तोंड बघतोय," ते म्हणाले.

त्यांनी आणखी थोडा वेळ बघितलं. मग तसंच पुढे बघत त्यांनी नातीला विचारलं, "अकरावीला काय घ्यायचंय म्हणालीस?"

"सायन्स," ती म्हणाली. मला जेमतेम ऐकू आलं.

"घे. आणि ते मोडक्या ओवीचं सगळं नीट शिकून ये. मला अजून पटलेलं नाही. पटेपर्यंत सांगायचं."

तिनं माझा हात घट्ट धरला. आजोबांनी फांदी उचलून खांद्यावर घेतली, आजीनं दोघांच्या डोक्यावरून शेला धरला, सनई पुन्हा सुरू झाली, आणि आम्ही सगळे कळंबाच्या मागून घराकडे निघालो.